पाण्याच्या वाटेने

पाठाची ओळख : सुट्टीत घरातील सर्वांनी मिळून फिरायला जाण्यासारखी अनेक ठिकाणे आपल्या राज्यात आहेत. या पाठात खाम नदीच्या काठी वसलेल्या एका जुन्या शहराची सहल घडवली आहे. तेथील इमारती, बागा आणि तलाव पाहता पाहता पाण्याची गोष्ट कशी उलगडत जाते, ते वाचा.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टी लागली की घरात एकच विषय असतो. कुठे जायचे? धाकट्या भावंडांना बाग हवी असते. मोठ्या बहिणीला जुन्या इमारती पाहायच्या असतात. दादीला फार चालवत नाही, तिला सावलीत बसायला जागा हवी असते. अम्मीला वाटते, डबा घरूनच न्यावा. अब्बांच्या मनात खर्चाचा हिशोब चाललेला असतो. या सर्वांना आवडेल असे गाव कोणते?

असे एक गाव मराठवाड्यात आहे. ते खाम नदीच्या काठी वसले आहे. या गावाची नावे बदलत गेली. पूर्वी येथे खडकी नावाचे लहान खेडे होते. मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास तेथे शहर वसवले. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, शहराला फतेहनगर हे नाव दिले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये शासनाने शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर असे केले. नावे बदलली, राज्यकर्ते बदलले. परंतु एक प्रश्न मात्र प्रत्येक काळात तोच राहिला. एवढ्या माणसांना पाणी कोठून आणायचे?

आपण या शहरात फिरायला जाऊ या. पण नुसते इकडून तिकडे धावायचे नाही. आपण पाण्याच्या वाटेने जायचे. प्रत्येक ठिकाणी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ‘येथे पाणी कोठून आले?’ मग पाहा, ही सहल किती वेगळी होते ते!

सकाळ : डोंगरातील लेणी

ऊन चढण्यापूर्वी शहराच्या उत्तरेकडील डोंगरावर जावे. तेथे बौद्ध लेणी आहेत. त्यांची संख्या बारा असून ती तीन गटांत विभागली आहेत. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने आहे. बाकीची बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील आहेत. वर जायला पायऱ्या आहेत. दादीला पायऱ्या चढणे जमत नसेल, तर कोणीतरी तिच्यासोबत खाली थांबावे. पिण्याचे पाणी घरूनच बरोबर घ्यावे.

पूर्वेकडच्या गटातील सातव्या लेण्यात एक मोठे शिल्प आहे. मध्ये बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. कोणाच्या मागे हत्ती लागला आहे, कोणासमोर सिंह आहे, कोणी आगीत सापडले आहे, तर कोणाची नाव बुडत आहे. जुन्या काळी व्यापारी आणि भिक्षू याच प्रदेशातून लांबचा प्रवास करत. वाटेतील भीती त्यांना चांगली ठाऊक होती. तीच त्यांनी दगडात उतरवली. आपण मोटारीने येतो, म्हणून प्रवासात भीती असते हे विसरतो. हे शिल्प पाहिल्यावर ते आठवते.

लेण्यांसमोर उभे राहून खाली पाहा. एका बाजूला डोंगर, समोर पसरलेले शहर, आणि त्यात दुरूनही ओळखू येणारा बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट. शहर सखल भागात आहे आणि डोंगर त्याच्या डोक्यावर आहे, एवढे नीट लक्षात ठेवा. पाण्याची सगळी गोष्ट या उंच-सखलपणातच दडलेली आहे. पावसाचे पाणी या डोंगरांवर पडते. काही ओढ्यांनी वाहून जाते, काही जमिनीत मुरते. खाम नदीही याच उत्तरेकडील डोंगराळ भागातून येते, शहरातून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते.

मकबरा आणि त्याची बाग

डोंगर उतरून आपण बीबी का मकबरा पाहायला येतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिच्या स्मरणार्थ ही इमारत उभी राहिली. तिचा मुलगा शहजादा आझमशाह याने ती बांधवली, असे पुरातत्त्व खात्याने नोंदवले आहे. प्रवेशद्वारावरील लेखात दोन कारागिरांची नावे आहेत. एक अताउल्ला आणि दुसरा हंसपतराय. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने बांधकामाचे तंत्र सांभाळले. इतिहासात राजांची नावे राहतात, कारागिरांची फारशी राहत नाहीत. येथे ती राहिली आहेत. म्हणून आत पाऊल टाकण्यापूर्वी ती एकदा आठवावीत.

मकबऱ्याची आणि ताजमहालाची तुलना बहुतेक लोक करतात आणि ‘हा त्याच्यासारखा नाही’ असे म्हणून निघून जातात. तुम्ही तसे करू नका. जवळ जाऊन पाहा. भिंतीच्या खालच्या भागात संगमरवर आहे, घुमटही संगमरवरी आहे. मधला भाग मात्र आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिलेला आहे. गिलाव्यातील नक्षी इतकी नाजूक आहे, की तिला हात लावण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. गिलावा दगडासारखा टणक नसतो. हजारो हात लागले की तो झिजतो. आपले नाव भिंतीवर कोरणारा माणूस तर आपले नाव मोठे करत नाही, कारागिराचे काम पुसतो.

या इमारतीभोवती सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद असे आवार आहे. आवारात चारबाग आहे. चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी आणि वाटांनी चार भागांत विभागलेली बाग. मधल्या लांब पाटात कारंज्यांची रांग आहे. आता तुमचा प्रश्न विचारा. येथे पाणी कोठून आले? विजेचे पंप त्या काळी नव्हते. पाणी उंचावरून आणले, तरच कारंजे उडते. म्हणजे पाणी डोंगराकडूनच येत होते. ते कसे येत होते, हे समजून घ्यायला आपल्याला पाणचक्कीला जावे लागेल.

दुपार : पाणचक्कीची गार सावली

उन्हाच्या वेळी बसायला पाणचक्कीसारखी जागा शोधून सापडणार नाही. दादीला ही जागा नक्की आवडेल. येथे बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांची दर्गाह आहे. मशीद आहे, मोठा हौद आहे, एक प्रचंड वड आहे. वडाच्या सावलीत सतरंजी पसरावी आणि थोडा वेळ नुसते पाण्याचा आवाज ऐकत बसावे.

हौदाच्या कडेला एक उंच भिंत आहे. नहरीला पाणी असेल त्या वेळी या भिंतीच्या वरून पाण्याची धार हौदात कोसळते. येथेच पिठाची चक्की आहे. पडणाऱ्या पाण्याच्या जोराने खालचे पात्यांचे चाक फिरते. चाकाच्या दांड्याला जात्याची वरची तळी जोडलेली असते. चाक फिरले की तळी फिरते, आणि दोन तळ्यांमध्ये धान्य दळले जाते. ना बैल, ना वीज, ना कोणाचे हात. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी येथे उतरणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी याच चक्कीवर पीठ दळले जाई. एखाद्या फकिराच्या हातातील भाकरी डोंगरात मुरलेल्या पावसाने दळलेली होती, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

पण पाणी एवढ्या उंच भिंतीवर चढले कसे? पाणी तर खाली वाहते!

याचे उत्तर तुम्ही घरीच शोधू शकता. हातभर लांबीची पारदर्शक नळी घ्या. तिचा मधला भाग खाली लोंबू द्या आणि दोन्ही टोके वर धरा. एका टोकातून पाणी ओता. पाणी खाली जाईल आणि दुसऱ्या बाजूने वर चढू लागेल. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत ते चढत राहील. आता दुसरे टोक थोडे खाली आणा. तेथून पाणी बाहेर पडेल. बंद नळीतील पाणी आपली पातळी शोधते, ते असे.

पाणचक्कीच्या नहरीचे नेमके हेच तत्त्व आहे. काही किलोमीटर दूर, डोंगराच्या बाजूला जमिनीत मुरलेले पाणी गोळा केले. ते मातीच्या भाजलेल्या नळांतून जमिनीखालून शहराकडे आणले. उगमाची जागा भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच होती, म्हणून पाणी पुन्हा वर चढले. वाटेत ठिकठिकाणी विटांचे उंच खांब बांधले. त्यांना ‘बंबे’ म्हणतात. नळात अडकलेली हवा निघून जावी आणि पाण्याचा दाब काबूत राहावा, हे बंब्यांचे काम. मातीचा नळ दाबाने फुटू नये, यासाठी ही काळजी घेतलेली होती.

हौदाच्या खाली एक मोठे दालन आहे. म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते भर उन्हाळ्यातही गार राहते. दालन उघडे असेल, तर आत जाऊन छताला पेलणाऱ्या कमानी जरूर पाहाव्यात. एकच पाणी धान्य दळते, वजूला पुरते आणि खोलीही गार ठेवते! पाण्याची किंमत ज्यांना ठाऊक असते, ते एका थेंबाकडून तीन कामे करून घेतात.

मलिक अंबरची नहर

या शहरात नहरी आणण्याची सुरुवात मलिक अंबरने केली. त्याची गोष्ट विलक्षण आहे. तो मूळचा आफ्रिकेतील हबशी देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकले गेले. हातोहात विकला जात तो दख्खनमध्ये आला. आपल्या कर्तबगारीवर तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. गनिमी काव्याने लढून त्याने मोगलांच्या बलाढ्य फौजांना वर्षानुवर्षे रोखून धरले. त्याने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा पाणचक्कीपासून फार दूर नाही. परत जाताना तो पाहता येईल.

हे शहर वसवताना त्याच्यापुढे मोठी अडचण होती. गावाच्या नावातच खडक होता. खामचे पाणी पावसाळ्यानंतर आटत जाई. एवढ्या वस्तीला विहिरी पुरणार नव्हत्या. मग त्याने उत्तरेकडील डोंगराच्या बाजूने जमिनीखालून पाणी शहरात आणले. तीच ‘नहर-ए-अंबरी’. उतार इतका बेताचा ठेवला, की पाणी आपोआप वाहत राहील. पुढच्या राज्यकर्त्यांनी याच पद्धतीने आणखी नहरी काढल्या. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील हौद आणि मशिदींतील वजूखाने त्यांनी भरू लागले.

एक गोष्ट लक्षात घ्या. लढाई जिंकल्याची खूण म्हणून बांधलेला दरवाजा आज आपण नुसता पाहतो. परंतु नहरीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक प्यायले. ज्याला लहानपणी स्वतःचे घर राहिले नाही, त्याने हजारो परक्या घरांची तहान भागवली. मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला. त्याची कबर येथून जवळच खुलताबादला आहे.

संध्याकाळ : पाखरांचे तळे

ऊन उतरले की दिल्ली दरवाज्याजवळच्या सलीम अली सरोवराकडे जावे. या तळ्याचे जुने नाव खिजरी तलाव. पुढे त्याला थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. त्या एका प्रश्नातून त्यांचे सारे आयुष्य बदलले. पाखरे मारणारा मुलगा पाखरांचा अभ्यासक झाला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले, आणि १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

तळ्याच्या काठी मोठ्याने बोलू नये. पाखरांना खाऊ टाकू नये. बदके, बगळे, पाणकावळे यांपैकी कोण कोण दिसते, ते वहीत लिहावे. धाकट्यांना हा खेळ फार आवडतो. जवळच हिमायतबाग आहे. तेथे जुनी मोठी झाडे आहेत. रात्री घरी परतण्यापूर्वी जुन्या शहरात नान-कलिया खाण्याचा बेत अब्बांना नक्की पटेल. हिमरू हे येथील सूत आणि रेशमाचे प्रसिद्ध वस्त्र. ते विणण्याचा माग कोठे चालू दिसला, तर पाच मिनिटे थांबून पाहावा. विकत घेतलेच पाहिजे असे नाही.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर वेरूळच्या रस्त्याला लागावे. सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. तेथे चाँद मिनार आहे, खडकात खोदलेला खंदक आहे. हत्ती हौद नावाचा अवाढव्य हौदही आहे. पुढे खुलताबाद लागते आणि सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ. तेथील ३४ लेण्यांत एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे आहे. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा.

आणि नदी?

मित्रांनो, आपण लेणी पाहिली, मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली, तळे पाहिले. पण ज्या नदीच्या काठी हे शहर वसले, तिच्याकडे आपण पाहिले का?

पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाज्यापाशी खामवर जुना पूल आहे. तेथून अनेक लोक रोज जातात, पण फार थोडे थांबतात. कारण बरीच वर्षे खामकडे पाहावेसे वाटत नव्हते. शहर वाढत गेले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांहून अधिक भरली. घरांचे सांडपाणी नदीत येऊ लागले, कचरा टाकला जाऊ लागला. नवे रस्ते आणि घरे बांधताना जुन्या नहरीही ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. नदीला लोक नाला म्हणू लागले. नाला म्हटले की त्यात कचरा टाकताना हात थांबत नाही.

मग शहराला पाणी मिळते कोठून? सुमारे ५० किलोमीटरवर, पैठणजवळ, गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. ते १९७६ मध्ये पूर्ण झाले. शहर धरणापेक्षा उंचावर आहे, म्हणून तेथील पाणी मोठमोठ्या पंपांनी वर चढवून आणावे लागते. मलिक अंबरच्या काळी पाणी स्वतः चालत येई, आज त्याला ओढून आणावे लागते. वीज गेली, जलवाहिनी फुटली, की नळ कोरडे. अनेक वर्षे येथील कित्येक मोहल्ल्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येत असे. पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातील बायका-मुलींच्या धावपळीचा दिवस. अशा दिवशी एखाद्या मुलीची शाळाही बुडते. पाण्याचा प्रश्न पुस्तकातला नसतो, तो घागरी भरणाऱ्या हातांचा असतो.

पण ही गोष्ट येथेच संपत नाही. २०२१ च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, काही संस्था आणि नागरिक यांनी मिळून खाम स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. पात्रातील कचरा आणि राडारोडा काढला. काठ नीट केले. झाडे लावली. छावणीजवळ लोखंडी पुलाच्या परिसरात नदीकाठी उद्यान झाले. मुले तेथे खेळू लागली, लोक सकाळी फिरायला येऊ लागले. नदी पूर्वीसारखी निर्मळ व्हायला पुष्कळ काळ लागेल. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे, हे मोठे काम सतत करत राहावे लागेल. तरीही एक बदल मोलाचा आहे. लोकांनी नदीकडे तोंड केले. ज्या जागी आपण मुलांना खेळायला नेतो, तेथे आपण कचरा टाकत नाही. म्हणून या सहलीत नदीचा काठही असायला हवा. एक संध्याकाळ नदीजवळ घालवणे ही नदीला केलेली छोटी मदतच आहे.

तुम्ही कदाचित मालेगावला राहत असाल, तेथे मोसम आहे. नांदेडला असाल, तर गोदावरी आहे. पुण्यात मुळा-मुठा, भिवंडीजवळ कामवारी, अकोल्यात मोर्णा आहे. आपल्या गावच्या नदीचे नाव तुम्हांला ठाऊक आहे ना? ती कोठून येते, कोठे जाते? तिच्या काठी जुना घाट, पूल, दर्गाह, मंदिर किंवा बाग आहे का? फिरायला जाण्यासाठी दरवेळी लांबचे तिकीट काढावे लागत नाही. येत्या रविवारी घरातील सर्वांना घेऊन आपल्याच नदीवर जा. दादीला विचारा, तुझ्या लहानपणी ही नदी कशी होती? ती जे सांगेल ते लिहून ठेवा. तुमची नातवंडे तोच प्रश्न तुम्हांला विचारतील. तेव्हा त्यांना काय सांगायचे, हे आजच्या तुमच्या वागण्यावर ठरणार आहे.

शब्दार्थ

सुभेदार – सुभ्याचा म्हणजे प्रांताचा प्रमुख अधिकारी
लेणे – डोंगरात कोरलेली वास्तू
सखल – उंच नसलेला, खोलगट
आराखडा – बांधकामापूर्वी काढलेला नकाशा
गिलावा – भिंतीला दिलेला चुन्याचा लेप
पाट – पाणी वाहून नेण्यासाठी केलेला अरुंद मार्ग
तळी – जात्याचा गोल दगड
दालन – मोठी खोली
गनिमी कावा – लपून, अचानक हल्ला करण्याची युद्धपद्धती
राडारोडा – पाडलेल्या बांधकामाचे दगड, विटा, माती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबर मूळचा कोणत्या देशाचा होता?
(आ) मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर कोणत्या दोन कारागिरांची नावे आहेत?
(इ) सलीम अली सरोवराचे जुने नाव काय?
(ई) वेरूळची लेणी कोणत्या वारी बंद असतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाणचक्कीच्या हौदाखालचे दालन उन्हाळ्यातही गार असते.
(आ) नहरीच्या वाटेत बंबे बांधले होते.
(इ) जायकवाडीचे पाणी पंपांनी आणावे लागते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाण्याच्या जोरावर पिठाची चक्की कशी चालते?
(आ) ‘लोकांनी नदीकडे तोंड केले’ या वाक्याचा अर्थ सांगा.
(इ) दरवाजा आणि नहर यांपैकी मलिक अंबरचे कोणते काम तुम्हांला मोठे वाटते? का?

भाषाभ्यास

मराठीत आणि उर्दूत अनेक शब्द सारखे आहेत. शहर, बाग, दरवाजा, मैदान, इमारत, हवा हे शब्द तुम्ही घरी रोज वापरता. पण मराठीत लिहिताना त्यांच्या लिंगाकडे लक्ष द्या. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. ‘बाग’ उर्दूत पुल्लिंगी आहे, मराठीत ती स्त्रीलिंगी आहे. ‘शहर’, ‘मैदान’ आणि ‘पाणी’ मराठीत नपुंसकलिंगी आहेत. म्हणून ‘मोठी बाग’, ‘जुने शहर’, ‘मोकळे मैदान’, ‘थोडे पाणी’ असे लिहावे. ‘दरवाजा’ मात्र दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे.

कंसातील विशेषणाचे योग्य रूप लिहा.
(१) ही ....... बाग आहे. (सुंदर, हिरवा)
(२) ते ....... मैदान होते. (मोठा)
(३) नळाला ....... पाणी आले. (गढूळ, थोडा)
(४) हा ....... दरवाजा आहे. (उंच, जुना)

सूचना : ‘सुंदर’, ‘गढूळ’, ‘उंच’ ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. ‘हिरवा’, ‘मोठा’, ‘थोडा’, ‘जुना’ ही बदलतात.

उपक्रम

(१) पाठात सांगितलेला नळीचा प्रयोग वर्गात करून दाखवा.
(२) आपल्या गावातील नदी किंवा तलावाविषयी घरातील वडीलधाऱ्या माणसांना पाच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचा.